जिथे चाचा बसत

आमच्या वस्तीतली निम्मी कामं एका प्लास्टिकच्या खुर्चीने केली, हे मी हिशेबी माणूस असूनही छातीठोकपणे सांगतो. उरलेली निम्मी त्या खुर्चीवर बसणाऱ्या शेजारच्या चाचांनी.

शिलाई मशीन दुरुस्त करणारे चाचा कधी अर्ज करत नसत, सभाही बोलावत नसत. अकोल्याच्या कडेला वसलेल्या आमच्या वस्तीत बिघाड दिसेल तिथे ते खुर्ची टाकत आणि चहा मागवत. नाली तुंबली, की खुर्ची नालीच्या काठाला. रस्त्याला खड्डा पडला, की खुर्ची थेट खड्ड्यात. आणि बसण्याचा थाट असा, की जणू घरी व्याही यायचे आहेत. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या वहिनी ओरडत, ‘‘चाचा, उठा ना तठून! गिऱ्हाईक नाक धरून पळून राहिले!’’ चाचा शांतपणे म्हणत, ‘‘मले त वास येऊन नाही राहिला. तुले येते, त फावडं आन.’’ वहिनी चिडून फावडं आणत, त्यांच्यामागून आम्ही लाजेकाजेस्तव घमेली. सगळ्यांत कमी काम चाचा करत. पण काम संपेपर्यंत उठत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. मुलगी अमरावतीहून न्यायला आली, तर चाचा हटून बसले. ‘‘मैं गया तो यहाँ कौन बैठेगा, बेटा? बगैर बैठे ये लोग हिलते नहीं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची वस्तीतल्या मोकळ्या जागेत दिसली. चाचांना बसल्या बसल्या डुलकी लागली होती. चाचा बसले म्हणजे काहीतरी बिघडलं, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. वहिनी फावडं घेऊन आल्या, मी घमेलं. पाण्याचा पाइप फुटला असणार असं आपसांत ठरवून आम्ही गुडघाभर खणलं, तेव्हा चाचांनी डोळे उघडले.

‘‘काय करून राहिले रे?’’

‘‘तुमीच सांगा, अठी काय बिघडलं?’’ वहिनींनी घाम पुसत विचारलं.

‘‘कुठं काय! मी ऊन खाऊन राहिलो होतो.’’

वहिनींनी कपाळावर हात मारला. चाचा मात्र खड्ड्याकडे आणि आमच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहतच राहिले. मग मुलीला म्हणाले, ‘‘चल बेटा. सामान बाँध. अब तो मैं सो जाऊँ, तो भी ये लोग हिलते हैं.’’

खड्डा वाया जाऊ नये म्हणून आम्ही त्यात जांभूळ लावलं. खुर्ची कामापुरती वस्तीभर फिरते आणि पुन्हा जांभळाशी येते. चाचा अमरावतीहून फोन करतात, ते खुशाली न विचारता, ‘‘खुर्ची कोठी हाय?’’

परवा मी म्हणालो, ‘‘जांभळाजवळ. रिकामीच आहे.’’

चाचा तिकडून करवादले, ‘‘रिकामी कावून ठेवता? बसत जा ना भाऊ कोनी.’’

संध्याकाळी मी जाऊन बसलो. वहिनी लांबूनच ओरडल्या, ‘‘भाऊजी, काय बिघडलं?’’

मी चाचांसारखा चहा मागवला, दोन कप.