सादळलेला शोध

हसायचं असन तर आताच हसून घ्या बावा, मंग चहा नाकातून येईन! अहो, मी जगातला मोठा शोध लावला होता. तोही भर मे महिन्यात, नागपुरात!

माझी पीएचडी कशात, तर प्लॅस्टिकच्या एकदम पातळ थरात. थंड असला की थर काचेसारखा कडक, आतले रेणू जागच्या जागी मुकाट बसून. तापवला की त्यांची वळवळ सुरू, थर नरम. हे नेमकं कधी होते, ते पाहायचं. बस, एवढ्यासाठी आईबापानं शिकवलं मले!

आता आमच्या लॅबमध्ये एसी आहे, पण तो फक्त भिंतीवर आहे. म्हणून दुपारी मी कूलर लावतो, अन् त्याचं तोंड थर तपासायच्या मशीनकडे करतो. बिचारी तापली तर? माणुसकी आहे ना आपल्यात!

तर झालं काय, सकाळी थर कडक. दुपारी मशीनची सुई टेकवली की खड्डा! तापवायच्या आधीच! रोज हेच. न तापवताच थर नरम, म्हणजे शोधच की!

माझा लॅबमधला दोस्त प्रफुल्ल म्हणे, "काहून गा, काही चुकून तर नाही राहिलं ना?"

"चूप बे! जळून राहिला तू."

धावतच गाईड मॅडमकडे गेलो. आकडे पाहून त्यांचे डोळे चमकले. "अरे, उद्या बाहेरचे शास्त्रज्ञ येताहेत. त्यांच्यासमोर मी हेच मांडते!"

मी तर हवेतच! घरी मनीषनगरला गेलो, आईकडून वाळवणातल्या ताज्या कुरडया तळून आणल्या. मशीनजवळच ताट मांडलं अन् मॅडमले बोलावलं. थोड्या वेळानं मॅडम आल्या, कुरडई उचलली, चावली. आवाजच नाही! नुसती रबरासारखी ताणली गेली.

"सादळली रे ही."

"कूलरच्या हवेत ठेवली ना मॅडम, सादळणारच," मी मोठ्या शहाण्यासारखं सांगितलं.

मॅडम चावायच्या थांबल्या. कुरडईकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, मंग माझ्याकडे.

"आणि तुझा थर कुठे असतो?"

"...कूलरच्या हवेत, मॅडम."

प्रफुल्ल तर टेबलाखालीच गेला हसून हसून! दमट हवेतलं पाणी पिऊन माझे रेणू सैल झाले होते, अन् मी त्याले शोध म्हणून राहिलो होतो!

"गाढवा, उद्या सगळ्यांसमोर नाक कापलं असतं की माझं!" मॅडम ओरडल्या, अन् मंग त्यांनाही हसू आवरेना. कूलर बंद केला. थर सुकला, पुन्हा कडक. मॅडमचं नाक वाचलं, अन् दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं जुनंच काम मांडलं.

आता माझं काम मस्त चालू आहे, खरंच. आकडे चांगले येऊन राहिले, मॅडम खूश आहेत. फक्त कूलर लावायची बंदी आहे मले. थर दिवसभर कडक राहते. त्या खोलीत दुपारी नरम पडतो, तो एकटा मीच!