गाऱ्हाणेप्रमुख

शाबा गावस यांचा मृत्यू गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी गोव्याच्या पेडणे तालुक्यात धारगळ येथे झाला. महामार्गालगतच्या शेतात रग्बीचा सामना सुरू व्हायचा होता. शाबा मैदानात नव्हता, मैदानाबाहेर रस्त्याच्या कडेला उभा होता. पाण्याच्या बाटल्या घेऊन जाणाऱ्या टेंपोने त्याला मागून धडक दिली. इस्पितळात नेताना वाटेतच त्याचा जीव गेला. मैदानात त्याला प्रवेशबंदी होती. त्या मैदानावर पेडण्यात पहिल्यांदा रग्बी सुरू करणारा माणूस तोच होता.

मला त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊ, ह्यांका गाडयेन मारल्यान," एवढेच त्या बोलल्या आणि फोन दुसऱ्या कोणाकडे दिला. शाबा आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो सैन्यात गेला, मी वृत्तपत्रात. आयुष्यभर अरे-तुरे केले, म्हणून इथेही त्याला एकेरीच लिहितो आहे.

रग्बी तो सैन्यातून घेऊन आला. निवृत्त झाल्यावर डिचोलीच्या एका खाणीवर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून लागला. तिथल्या टिपर ट्रक चालवणाऱ्या आणि वर्कशॉपमधल्या पोरांना जमवून त्याने हा खेळ शिकवायला घेतला. लांबट चेंडू इकडे कोणी पाहिलेला नव्हता. लोकांनी त्याला पहिल्या दिवशीच असोला नारळ म्हटले आणि ते नाव टिकले. चेंडू एकच होता, त्यामुळे सरावाला खरोखरच न सोललेले नारळ वापरत. गोलचे उंच खांब वर्कशॉपमधल्या भंगारातल्या पायपांचे केले होते. पुढे खाण बंद पडली. शाबा धारगळला घरी आला आणि भातकापणीनंतर मोकळ्या होणाऱ्या शेतात त्याने दुसरा संघ उभा केला. खेळाचे नियम काय, असे मी त्याला एकदा बातमीसाठी विचारले होते. तो म्हणाला, "चेंडू फुडे दिवचो नाय. मागल्याक दिवचो, आनी आपण फुडे जावचा."

"मागे देऊन पुढे कसे जायचे?"

"संसार करतंस मरे तू? तसाच."

प्रत्येक सामन्याआधी शाबा गाऱ्हाणे घालत असे. आमच्याकडे कोणत्याही कामाच्या आरंभी गावचा जाणता माणूस देवापुढे नारळ धरून सगळ्यांच्या वतीने बोलतो, आणि जमलेले लोक दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. त्याला गाऱ्हाणे घालणे म्हणतात. रग्बीत हाडे मोडतात, म्हणून शाबाने ते मैदानावर आणले. दोन्ही संघ एकाच वर्तुळात उभे राहत. शाबा मधोमध नारळ डोक्यावर उचलून धरी. "बा देवा म्हाराजा, ही दोनूय गावची लेकरां आज तुज्या म्होऱ्यात उबी आसत..." हात खाली येई, आणि तीस गळ्यांतून एकदम निघे, "व्हय म्हाराजा!" पुन्हा हात वर. "खेळताना कोणाचो हात मोडात, कोणाचो पाय मुरगळात, काय पिडा येत, ती ह्या पांढऱ्या रेषेभायर घाल रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" डिचोलीच्या पोरांची देवस्थाने वेगळी होती, पण त्यावरून कधी कोणी काही बोलले नाही. सामना संपला की दोन्ही संघ त्याच शेताच्या बांधावर बसून उंड्याचे पाव आणि पातळभाजी खात. काही वर्षे हे असेच चालले.

संघ वाढले तेव्हा संघटना करावी लागली. पेडण्यातल्या मांद्रेचे नारायण सावळ अध्यक्ष झाले. त्यांची किनाऱ्यावर दोन गेस्टहाउसे आहेत, संघांचे शर्ट त्यांनीच दिले होते. डिचोलीचे वकील गुरुदास नार्वेकर सचिव झाले. घटना इंग्रजीत लिहिली गेली आणि देशावरून येऊन इथे स्थायिक झालेल्या एका निवृत्त शिक्षकाने तिचे मराठी केले. देशावरच्या मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. त्यांनी तोच शब्द घातला. कलम असे होते: 'सामन्यासंबंधीच्या गाऱ्हाण्यासाठी कार्यकारिणी एक गाऱ्हाणेप्रमुख नेमील. त्याचा शब्द दोन्ही संघांवर बंधनकारक राहील.' डिचोलीतल्या सभेत हे कलम वाचले गेले तेव्हा मी हजर होतो. मागच्या रांगेतून कोणी तरी ओरडले, "गाऱ्हाण्याक प्रमुख कित्याक सोदतात? शाबा आसा मरे!" सगळे हसले. टाळ्या पडल्या. ठराव एकमताने संमत झाला. आपण गेली काही वर्षे करतो आहोत त्याच कामाला आता पद मिळाले, अशी शाबाची समजूत झाली. सभेतल्या जवळपास सगळ्यांचीच झाली. नार्वेकर वकिलांना मूळ अर्थ ठाऊक होता. तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत, असे मी त्यांना पुढे विचारले. ते म्हणाले, "सगळे खुशीत होते. म्हटले, पुढे बघू."

संघटनेने ओळखपत्र दिले. गळ्यात अडकवायची निळी फीत, खाली शाबाचा फोटो, त्याखाली 'गाऱ्हाणेप्रमुख'. सुमनवहिनींनी ते जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, खिळ्याला अडकवून ठेवले होते. दर रविवारी तो ते घालून निघे. "पोलीसपाटील निघाले," असे त्या म्हणत.

पुढच्या हंगामात उपांत्य सामन्यात डिचोलीकडच्या मुळगावने धारगळला हरवले. शेवटच्या मिनिटांत मुळगावच्या दीपकने चेंडू रेषेपलीकडे टेकवला. दीपक टिपर चालवणारा. त्याचे वडील खाणीच्या दिवसांत सिंधुदुर्गातून ट्रकवर कामाला आले आणि मुळगावात राहिले. त्याचे मतदार ओळखपत्र अजून तिकडच्या गावचे होते. तो गोव्याचा नाही, म्हणून निकाल रद्द करा, अशी तक्रार धारगळच्या संघाने दिली. नार्वेकरांनी ती घटनेप्रमाणे गाऱ्हाणेप्रमुखाकडे पाठवली.

शाबा गोंधळला. ही तक्रार माझ्याकडे का, असे त्याने विचारले. नार्वेकरांनी कलम वाचून दाखवले. दोन दिवस गेले. मग दोन्ही संघांना शेतात बोलावून त्याने सांगितले, "हो मुळगावात जेवता, मुळगावात निजता. हाडां मोडतली ती मुळगावासाठी मोडतली. म्हणान हो मुळगावचो." निकाल कायम राहिला. धारगळ त्याचा स्वतःचा गाव होता आणि हरलेला संघ त्याचा स्वतःचा होता.

सावळांनी हे मानले नाही. त्यांचे म्हणणे असे की शाबाची नेमणूक देवाचे गाऱ्हाणे घालण्यासाठी होती, तक्रारींचा निवाडा करण्यासाठी नव्हे. म्हणून निवाडाच बेकायदा. नार्वेकरांचे म्हणणे, कलमाचा अर्थ घटनेत लागतो, देवळात नाही. खास सभा बोलावली गेली. पेडणे एका बाजूला बसले, डिचोली दुसऱ्या. बराच वेळ शब्दकोश निघाले, शेवटी सावळ म्हणाले, "त्यालाच विचारा." शाबा उठला. गळ्यात ओळखपत्र होते.

"शाबा, त्या दिवशी तू कशाला होय म्हणालास?" सावळांनी विचारले.

नार्वेकर मधे पडले. "शाबाभाऊ, इचार करून सांगा."

"इचार केल्यार जाल्लां बदलतला काय?" शाबा म्हणाला. मग त्याने सांगून टाकले, "गाऱ्हाणा घालूक. तक्रारी आयकूक न्हय."

त्या उत्तराने त्याचाच निवाडा रद्द झाला. मुळगावचा विजय गेला, दीपकला हंगामभर बंदी झाली. डिचोलीचे संघ सभा सोडून बाहेर पडले आणि आठवड्याभरात त्यांनी स्वतंत्र लीग जाहीर केली. तिचा पहिला ठराव शाबाविरुद्ध होता. त्याने संघांचा विश्वासघात केला, म्हणून डिचोली लीगच्या कोणत्याही मैदानावर त्याला प्रवेश नाही. बाहेर पडताना जिन्यावर एका मुळगावकराने त्याला ऐकवले, "खरा बोलून काय मेळला रे? तुजो देव खूश जालो मगे?" शाबा जिना उतरून गेला.

त्याच्या घरी स्वतः दीपक आला. मुळगावला नव्या लीगचा पहिला सामना होता. "भाऊ, तुमी गाऱ्हाणा घालल्याबिगर मी खेळचंय नाय," असे तो म्हणाला. त्या सभेवरून तो तुला रागाने काही बोलला का, असे मी शाबाला विचारले. "नाय. च्या पिलो आनी गेलो." शाबा मुळगावला गेला आणि बांधापलीकडे उभा राहून त्याने गाऱ्हाणे घातले. कोणी तरी फोनवर ते टिपले. संध्याकाळपर्यंत ते चित्रण मांद्रेला पोचले होते. प्रतिस्पर्धी लीगच्या कार्यक्रमात भाग घेतल्याबद्दल सावळांकडे उरलेल्या पेडणे लीगनेही त्याला बंदी घातली. एका शब्दाचे दोन अर्थ लावणाऱ्या दोन लीग आता त्याच्या बाबतीत एकमताच्या होत्या.

शाबाला पद नको होते. सामन्याआधी थोडा वेळ रेषेच्या आत उभे राहू द्यावे, एवढीच त्याची मागणी होती. त्यासाठी तो सावळांच्या गेस्टहाउसवर गेला, मी सोबत होतो. सावळांनी आम्हांला बसायला कदेली दिल्या, चहा मागवला. आजूबाजूला परदेशी पाहुणे न्याहारी करत होते.

"शाबा, तू माझो माणूस," सावळ म्हणाले. "पण नियम म्हणान काय तरी आसा."

"नियम कोणी केलो?"

"आमीच केलो. म्हणानच मोडूक येना."

आता डिचोली लीगकडे असलेल्या नार्वेकरांच्या कचेरीत आम्हांला सांगण्यात आले की बंदीविरुद्ध अपील करता येते.

"अपील खंय करूचा?" शाबाने विचारले.

"घटनेप्रमाणे गाऱ्हाणेप्रमुखाकडे."

"तो कोण?"

वकील थोडे हसले. "सध्या पद रिकामे आहे." पेडणे लीगमध्येही ते रिकामेच होते. दोन्ही लीगनी जुनी घटना जशीच्या तशी उचलली होती. बाहेर आल्यावर शाबा रस्त्यावर उभा राहून मोठ्याने हसला. तसा हसताना मी त्याला पुन्हा पाहिले नाही.

मग तो धारगळला रस्त्याच्या कडेला उभा राहू लागला. महामार्ग मैदानापेक्षा उंच आहे, तिथून वर्तुळ दिसते. शाबा रस्त्याकडे पाठ करून नारळ डोक्यावर धरी आणि गाऱ्हाणे घाली. ट्रकांच्या आवाजात खाली एक शब्दही पोचत नसे. पोरे त्याच्या हाताकडे बघत. हात खाली आला की 'व्हय म्हाराजा' म्हणत. अध्यक्षांनी याकडे काणाडोळा केला, कारण तो भाग मैदानात मोडत नव्हता. सुमनवहिनी त्याला म्हणत, "रस्त्यार कित्याक मरूक जातात? घराकडसून घाला, देवाक आयकूक येता." तो म्हणे, "देवाक येता गो. पोरांक दिसूक जाय."

त्या रविवारी मी तिथे नव्हतो. जे लिहितो आहे ते धारगळच्या खेळाडूंनी पोलिसांना आणि मला सांगितलेले आहे. वर्तुळ झाले होते. शाबाचा हात दोनदा वर गेला, दोनदा खाली आला, दोन्ही वेळा साथ दिली गेली. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि एकदम खाली आला. पोरांनी 'व्हय म्हाराजा' म्हटले. मग कडेला कोणी दिसेना. रस्त्यावर टेंपो आडवा झालेला पाहिल्यावर ती धावली.

पंचनाम्यात एक असोला नारळ नोंदलेला आहे, न फुटलेला. हा खेळायचा चेंडू काय, असे हवालदाराने विचारल्याचे खेळाडू सांगतात. चालकावर गुन्हा नोंद झाला आहे, तपास चालू आहे.

बाराव्याला दोन्ही लीगचे लोक येऊन गेले. डिचोलीचे सकाळी आले, पेडण्याचे दुपारी. दीपक दोन्ही वेळा होता. सकाळी आलेला तो जेवणाची पाने उचलायला दुपारपर्यंत थांबला. त्याने खेळणे सोडले आहे, असे त्याने मला सांगितले. ओळखपत्र अजून जनेलाच्या खिळ्याला आहे. वहिनी घर झाडताना ते काढतात, पुसतात आणि पुन्हा तिथेच अडकवतात.

त्यानंतर दोन्ही लीगच्या वेगवेगळ्या सभा झाल्या. दोन्ही सभांत श्रद्धांजली वाहण्यात आली. दोन्हींत एकच घटनादुरुस्ती संमत झाली: जिथे जिथे 'गाऱ्हाणे' हा शब्द आहे तिथे 'तक्रार' असे वाचावे, आणि गाऱ्हाणेप्रमुखाचे पद रद्द समजावे. बंदी उठवण्याचा ठराव कोणत्याही सभेपुढे आला नाही.

धारगळला त्या दिवसानंतरचा पहिला सामना गेल्या रविवारी झाला. दोन्ही संघ मैदानात उतरले आणि कोणी न सांगता त्यांनी वर्तुळ केले. सगळ्यांची तोंडे रस्त्याकडे होती. कडेला आता पोलिसांचे अडथळे ठेवले आहेत. तिथे कोणी नव्हते. वाहने जात होती. पंचाने शिट्टी वाजवली. वर्तुळ हलले नाही. पंचाने दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली, तेव्हा पोरे आपापल्या जागी गेली. सामना धारगळने जिंकला. हरलेल्या संघाने तक्रार दाखल केली आहे.