बेकरीमागचे ओंडके

१९८३ साल. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. वीस-बावीस वर्षं मी साचे खात्यात माग चालवले, बहुतेक पहिल्या पाळीत. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. पण माझ्या मागावरचं कापड कुणी परत पाठवलं नाही, हे लिहून ठेवतो.

साचे खात्यात आवाज असा की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. तिथं सगळे समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. चहा सांगायचा तो ओठांनी, आईवरून शिवी द्यायची ती पण ओठांनी.

गिरणी बंद झाली, अंगातली पाळी बंद झाली नाही. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत पहाटे डोळा उघडायचा. जायचं कुठं नाही. आणि शांतता. लोकांना ती गोड लागते. मला कानात कोणी खिळा ठोकतंय असं व्हायचं, बारीक शिट्टी वाजायची, मग डोकं भडकायचं. स्टोव्ह लाथेनं उडवला. आरसा फोडला. दाराची फळी बुक्क्या मारून चिरली, बोटांची सालं निघाली तेव्हा थांबलो. बायकोवर आणि मुलीवर हात कधी टाकला नाही, पण घरात आख्खं म्हणावं असं त्या दोघीच उरल्या होत्या.

पाणी सकाळीच यायचं. नळावर रांग. एका सकाळी रांगेत माझ्या पुढं आमच्या मागच्या खोलीतला टेम्पोवाला उभा होता. माझी बायको तेव्हा मुलुंडला दोन घरी भांडी घासायची. टेम्पोवाला शेजाऱ्याकडे वळला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाला, "ह्याची बायको तिकडे नुसती भांडीच घासते ना रे?"

शेजारी हसला. माझ्या हातात रिकामी पितळी कळशी होती. ती तशीच त्याच्या तोंडावर घातली. दोन दात नळाखाली पडले. तो पडला तसा छातीवर गुडघा दिला आणि मारत राहिलो, मग त्याच्या भावांनी मला ओढून भिंतीवर आपटलं, भुवई फुटली, पाणी लाल झालं आणि बायका भरलेले हंडे ओतून द्यायला लागल्या.

"काय बोलला काय तो तुला?" रांगेतून कुणी ओरडलं.

"काहीच बोलला नाही! आम्ही इथंच होतो ना!"

जो हसला होता तोच पुढं आला. "आईशप्पथ, तोंडातून शब्द नाही काढला त्यानं. हा येडा झालाय. ठाण्याच्या येड्यांच्या इस्पितळात नेऊन टाका ह्याला."

मी काय सांगणार? बायको तिथंच उभी होती. ते वाक्य चारचौघांत तिच्यासमोर माझ्या तोंडून निघालं नसतं. येडा तर येडा.

घरी तिनं भुवईत हळद भरली. जोरातच भरली.

"काय बोलला तो?"

"काय नाय."

"मग मारलात कशाला?"

मी उठायला गेलो. तिनं खांदा दाबून बसवलं.

"ऐका. परत एकदा कुणाचं रक्त काढलंत तर पोरीला घेऊन मी गावी जाणार. परत येणार नाही."

"जा ना. कुणी धरलंय?"

"जाईनच. आणि उद्यापासून पाणी येतं तेव्हा तुम्ही नळावर दिसायचं नाही. घरात पण नाही. डोळा उघडला की बाहेर पडायचं."

बायकोचं ऐकणारा मी नव्हे. पण दुसऱ्या पहाटे बाहेर पडलो. उतारावरून खाली आलो तर एका बेकरीच्या मागं भट्टीवाला भय्या कुऱ्हाड घेऊन झटत होता. त्यांचा लाकूडफोड्या मुलखाला गेलेला.

"क्या देखता है? आता है तो मार."

"सरक," मी म्हटलं.

पहिल्या ओंडक्यात मला टेम्पोवाला दिसला. दुसऱ्यात गिरणीचा शेठ. तिसऱ्यात माझा मेहुणा. ढलप्या उडून गालाला लागत होत्या, हाताला फोड येऊन फुटले, दांडा ओला झाला, मी थांबलो नाही.

"अरे भाई, लकडी है, दुश्मन नहीं!"

"तुला काय माहीत?"

मागच्या भिंतीवरून प्रत्येक घाव दणकून परत यायचा. कानातली शिट्टी त्यात बुडाली. किती महिन्यांनी!

मग तेच ठरून गेलं. उठायचं, कुणाशी बोलायचं नाही, खाली उतरायचं, भट्टीपुरती लाकडं फोडायची, पिंपातलं पाणी डोक्यावर घ्यायचं, गरम पाव घेऊन घरी यायचं. पाव हातात दिल्यावर पहिला शब्द. माझा नातू आता सकाळी डोळे मिटून बसतो, म्हणतो डोकं शांत होतं. होत असेल. माझं कुऱ्हाडीनं झालं.

काही महिने गेले. एका सकाळी ओंडके घेऊन टेम्पो आला, आणि उतरला तोच. बोळका. मला बघितलं, हमालाकडे वळला, ओठ हलले. तेच वाक्य. वर माझ्या मुलीचं नाव.

कुऱ्हाड माझ्या डोक्याच्या वर होती. बायकोचा दम आठवला म्हणालो तर खोटं होईल. मला फक्त त्याची मान दिसत होती, कुठं घाव घालायचा ते पण दिसत होतं. मी घाव ओंडक्यात घातला, दांडा सोडला आणि डोळे मिटले. साचेवाल्याचे कान डोळ्यांत असतात. ते मिटले की समोरच्याला तोंडच नाही.

त्याला वाटलं, घाबरला. त्यानं जॅकचा दांडा काढला. पहिला फटका खांद्यावर बसला, हाड वाजलं. दुसऱ्यानं कान फाटला. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर मेला असता तो. शेवटी भट्टीवाला तापलेली सळई घेऊन धावला तेव्हा टेम्पो पळाला.

बातमी माझ्याआधी वर पोचली. 'तुझ्या नवऱ्यानं कुऱ्हाडीनं माणूस तोडला.' उताराच्या मध्यावर बायको पिशवी आणि पोरीचा हात धरून खाली येताना भेटली.

"कुणाचं रक्त?"

"माझं."

तिनं भर रस्त्यात माझा सदरा ओढून काढला, खांदा बघितला, कान बघितला. "आणि त्याचं?"

मला धरून आलेला भट्टीवाला म्हणाला, "नहीं बहनजी, इसने हाथ नहीं उठाया. खंबे के माफिक खडा था."

तिनं सदरा माझ्या खांद्यावर टाकला. "आज तरी सांगा, काय बोलतो तो?"

"नाही सांगणार."

"मरा मग," म्हणाली, आणि पिशवी माझ्या चांगल्या हातात दिली. पोरीला घेऊन ती पुढं, वर. मी मागं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजवा हात कमरेच्या वर जाईना. मी खाली उतरलो, आणि डाव्या हातानं बारीक लाकडं फोडली.