सर्जेरावांचा चौदावा संच

समोरचा माणूस चहा कशातून पितो एवढं पाहिलं की सर्जेराव त्याची लायकी ठरवून मोकळे होत. कागदी कपातून पिणारा अडाणी, स्टीलच्या पेल्यातून पिणारा चिक्कू, आणि बशीत ओतून भुरका मारणाऱ्याला तर ते माणसांत धरतच नसत. या हिशेबानं सगळं वडीगोद्री गाव त्यांच्या मनातून केव्हाच उतरलेलं होतं. स्वतः सर्जेराव घरी स्टीलच्याच पेल्यातून चहा पीत, पण त्याला कारण होतं. जुने कप वापरायचे नसतात, ते फक्त पाहायचे असतात.

पाहायला त्यांच्याकडे तेरा संच होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेला सगळा वेळ आणि पेन्शनीतला बराचसा भाग या गृहस्थानं जालन्याच्या भंगार गोदामांत आणि म्हाताऱ्या बायकांच्या माळवदाच्या घरांत घातला होता. समोरच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधलेली. संच आपले नावालाच. एकाच्या किटलीला झाकण नव्हतं, एकाचे चारच कप होते, एकाच्या बशा जपानी आणि कप कुठले ते देव जाणे. खरेदीची त्यांची एक रीत होती. ज्या वस्तूवर डोळा आहे तिच्याकडे बघायचं नाही, आणि म्हाताऱ्यांना खरं काही सांगायचं नाही. खरं सांगितलं की म्हातारी भाव खाते, असं ते मोठ्या अभिमानानं सांगत. एकट्या बाईला फसवण्यात कसली आली आहे हुशारी, पण ते सर्जेरावांना कोण सांगणार!

त्यांची बायको पुष्पाबाई सांगू शकली असती. पण सहा वर्षांपूर्वी एकुलत्या एक मुलीनं, तृप्तीनं, अंगद नावाच्या आपल्या पसंतीच्या मुलाशी जालन्यात नोंदणी लग्न केलं आणि तिथंच संसार थाटला, त्या दिवसापासून या घरात दोघांचं बोलणं भाजी-मिठापुरतं उरलं होतं. सर्जेरावांनी मुलीला चमचासुद्धा दिला नाही. तिचं नाव या उंबऱ्याच्या आत निघता कामा नये, असा हुकूम सोडला. पुष्पाबाई मागच्या अंगणात जाऊन फोनवर लेकीशी बोलत आणि डोळे पुसून आत येत.

अशा या माणसाला एक दिवस संभाजीनगरहून अर्पिता नावाच्या मुलीचा फोन आला. जुन्या चहाच्या भांड्यांचं प्रदर्शन ती भरवणार होती. सर्जेरावांनी तेराही संचांचे फोटो पाठवले. तिनं गोड आवाजात विचारलं, "काका, यातला एखादा पूर्ण आहे का हो?" कालची पोर आपल्याला शिकवते म्हणून सर्जेरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण संच जो देईल त्याच्या नावाची पाटी भांड्यांपुढं लागणार होती, आणि ती पाटी लागणार हे ते चौकातल्या प्रत्येकाला सांगून बसले होते. आता माघार घेणं म्हणजे कागदी कपवाल्यांच्या हसण्याचा विषय होणं. चोवीस तारखेला ती संच न्यायला येणार होती. त्याच्या आत त्यांना एक तरी पूर्ण संच हवा होता.

तो जाफराबादकडच्या टेंभुर्णीत निघाला. सोनूबाई नावाच्या म्हातारीच्या फडताळात. तिचा आजेसासरा निजामाच्या काळात जालन्याला एका अंमलदाराच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता, त्याला साहेबानं जाताना दिलेला. चांदीच्या मुलाम्याची किटली, दूधदाणी, साखरदाणी आणि खाली ट्रे. सगळं जागच्या जागी. साखरदाणीत म्हातारीनं दात घासायची मिसरी भरून ठेवली होती. ती पाहून सर्जेरावांना किळस आली आणि तोंडाला पाणीही सुटलं. किटली उलटी करून त्यांनी बुडाचा कारखान्याचा शिक्का वाचला, फोटो काढला, आणि चेहऱ्यावर काही दिसू न देता म्हणाले, "काही खास नाही आजी. पण मुलीच्या लग्नात द्यायला भांडं पाहतोय. परिस्थिती बेताचीच आहे."

"लेक हाय व्हय तुम्हाला? नाव काय तिचं?"

जिभेवर दुसरं नाव आलंच नाही. "तृप्ती," ते म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"मंग असं काळं भांडं कसं देऊ? लेकीच्या रुखवतात मांडायचं अन् असं? चार दिसानं या. बिलकुल चकचकीत करून देते."

हा काळपटपणाच तर जुनेपणाची खूण! पण बेताच्या परिस्थितीतल्या बापानं घासू नका म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? ते मुकाट्यानं परतले. वाटेत जालन्याच्या स्टँडवर चहा घेतला, कागदी कपातून.

चौथ्या दिवशी म्हातारीनं नव्या खणात बांधलेलं गाठोडं आणि वर एक नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी पैसे काढले तर तिनं हात मागं घेतला. "आहेराचे पैसे घेत्यात व्हय? मला लेक न्हाई. तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा." गल्लीच्या वळणापर्यंत सर्जेराव गंभीर राहिले, मग मनाशी हसले. कसली खुळी बाई! घरी येऊन त्यांनी भांडी कपाटात लावली, गेलेल्या काळपटपणाबद्दल म्हातारीला दोन शिव्या हासडल्या, आणि बूड आपण पाहिलेलंच आहे म्हणून पुन्हा काही उलटं करून पाहिलं नाही.

चोवीस तारखेला अर्पिता आली. सर्जेरावांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी कपाट उघडलं. तिचे डोळे चमकले. "काका, हा तर अख्खा आहे!" तिनं किटली उचलली आणि शिक्का पाहायला उलटी केली. मग ती थांबली आणि मोठ्यानं वाचू लागली.

"चि. सौ. कां. तृप्ती हिस लग्नानिमित्त, सोनूबाईकडून सप्रेम भेट."

आहेराचं भांडं नाव घातल्याशिवाय द्यायचं नसतं. म्हातारी टेंभुर्णीच्या भांडेवाल्याकडे गेली होती आणि त्यानं मशीननं, चांगल्या ठसठशीत अक्षरांत, शिक्क्यावरूनच नाव घातलं होतं. अर्पितानं दूधदाणी पाहिली, साखरदाणी पाहिली, ट्रेची पाठ पाहिली. सगळीकडे तृप्ती.

"हे तुमच्या मुलीच्या आहेराचं आहे होय? मग हे मी नाही नेऊ शकत, काका. आणि शिक्का पण गेलाय." ती बिचारी खरंच हळहळली.

सर्जेरावांना जमीन दुभंगावी असं वाटलं. दारात पुष्पाबाई चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पेले खाली ठेवले आणि अर्पिताच्या हातून किटली घेतली. त्यांना वाचायला वेळ लागला. मुलीचं नाव वाचून झालं तशी त्यांनी किटली पदरानं पुसली.

"सोनूबाई कोण?" त्यांनी विचारलं.

सर्जेराव करगोट्याची किल्ली चाचपू लागले. एका परक्या म्हातारीनं त्यांच्या थापेवर विश्वास ठेवून जे केलं, ते बाप म्हणून त्यांनी कधी केलं नव्हतं.

अर्पिता गेल्यावर पुष्पाबाईंनी चारही भांडी त्याच खणात बांधली, नारळ वर ठेवला आणि पायात चप्पल सरकवली. जालन्याची बस घराच्या समोरूनच जात होती.

"ठेव ते खाली," सर्जेराव ओरडले. "माझं आहे."

पुष्पाबाई उंबऱ्यात वळल्या. "तुमचं? ह्याच्यावर तुमचं नाव कुठं हाय, तेवढं दाखवा. मंग ठेवून जाते."

त्यांनी गाठोडं पुढं धरलं. मग बसला हात करायला बाहेर पडल्या.