सिंगराय काकाचा पहिला बाण

सिंगराय काका शिकारीला निघाला की ससा दिसायच्या आधी काकाच ऐकू यायचा. आम्हा संथाळांत रीत अशी, की ज्याचा बाण जनावराला पहिला लागला त्याला मागची तंगडी आणि कातडं. बाकी मटण सगळ्यांत सारखं. पण एका सशावर चार बाजूंनी बाण सुटतात, म्हणून लागल्याबरोबर ओरडायचं, "माझा!" काका बाण सोडतानाच ओरडायचा, नाकातून, शब्दाचं शेपूट लांबवत: "माझाऽऽ! पहिला माझाऽऽ!" कधी कधी तर बाण अजून हातातच असायचा.

एकदा त्याचा बाण लागलेला ससा अजगराने गिळला. काका अजगरापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "हे बघ दादा, भांडण नको. तंगडी तेवढी टाक, बाकीचं तुला." अजगर झोपून गेला. एकदा काका तितराच्या मागे शिंदीच्या झुडपात शिरला, तर पुढ्यात अस्वल उभं राहिलं. घाबरून तोंडातून निघालं तेही "माझाऽऽ!" अस्वल पळालं. त्याचा मेव्हणा बाजल गावभर सांगत सुटला, "अस्वल म्हणालं, तुझा तर तुझा, मी चाललो!"

बाजल आणि काका यांचं असंच चालायचं. तंगडीवरून भांडायचे आणि तीच तंगडी एका पातेल्यात शिजवून खायचे.

त्या वैशाखात सेंदरा होता, म्हणजे सगळ्या गावांनी मिळून डोंगरावर करायची शिकार. पुढारपण दिहरीचं, शिकारीच्या पुजाऱ्याचं. आमचा म्हातारा जाठा दिहरी घोगऱ्या आवाजात एकेक शब्द चावून बोलतो. निघताना त्याने बजावलं, "हत्ती उतरलेत. बांबूच्या बनाकडे कोणी फिरकायचं नाही. ससा, तितर, घोरपड. बास. सगळे गडी परत आणायची जबाबदारी माझ्यावर आहे." बायकांनी सिंदूर पुसला. माणसं परत आल्याशिवाय तो लावायचा नसतो.

उन्हं चढल्यावर काका आणि बाजल एकाच सशामागे धावत होते. ससा करवंदीच्या जाळीत घुसला. जाळी हलली. बाजलने नेम धरला. तो पुढे जाईल या धास्तीने काकाने न बघताच बाण सोडला आणि डोंगर दणाणला, "माझाऽऽ! पहिला माझाऽऽ!"

जाळीतून किंकाळी आली. सशाची नव्हती. फुटक्या पिपाणीसारखी. मग पिल्लू बाहेर आलं, हत्तीचं, कान फडफडवत. पुढच्या पायात, गुडघ्याच्या वर, काकाचा बाण. त्याच्या मागे आई.

काका आणि बाजल नाल्यातल्या दगडांवरून गडगडत खाली आले. आई मागे आली नाही, पिल्लाकडे वळली. म्हणूनच वाचले.

त्या दिवशी गडी दोन ससे घेऊन गाणी न म्हणता उतरले. सगळे सुखरूप होते, तरी सालगे काकीने सिंदूर लावायला वेळ घेतला. काका जेवलाही नाही.

सकाळी मोहाखाली सभा बसली. दिहरीने विचारलं, "ओरडलं कोण?"

सगळ्या डोंगराने जे ऐकलं होतं ते ओरडणं कोणीच ऐकलं नव्हतं. "मी दुसऱ्या अंगाला होतो." "वारं होतं फार." बाजल कानात करंगळी फिरवत म्हणाला, "माझ्या तर कानात मळ आहे, आजोबा." वर्षानुवर्षं ज्याच्या ओरडण्यावर हेच सगळे तुटून पडायचे! वनखात्याला कळलं तर काका तुरुंगात जाणार, आणि झडती घराघरांत होणार. दिहरीने मान हलवली. "मग कोणीच ओरडलं नाही. उठा."

काका उठला नाही. त्याच्या बाणाच्या पात्याला मागे वळलेले दात होते. असा बाण आपोआप पडत नाही.

तो रोज पहाटे डोंगर चढून लांबच्या कड्यावरून बघायला लागला. एका सकाळी खाली येऊन काकीला म्हणाला, "आई सोंडेने ओढते गं. पिल्लू किंचाळतं. मग ती सोडून देते. परत ओढते."

"तुला ओढू देईल का ती?"

"वनखात्याकडे डॉक्टर असतो म्हणे. सुई मारून झोपवतात."

काकी चूल फुंकत राहिली. म्हणाली, "जायचं तर भाकरी खाऊन जा. तिथे कधी देतील कुणास ठाऊक."

रस्त्यावर बाजल आडवा आला. "दाजी, अक्कल गहाण टाकली का? जनावरांची पिल्लं मरतात. माणसांचीही मरतात. तुमचं पोर गेलं तेव्हा कोण धावलं होतं चौकीवर?"

"बाजूला हो, मेव्हण्या."

"माझं नाव घेतलंत तर बघा."

"तुझं नाव घ्यायला तुझा बाण कशाला तरी लागला पाहिजे!"

चौकीवरचा स्वयंपाकी आमच्याच गावचा, म्हणून पुढचं कळलं. वनरक्षकाने काकाला खुर्चीसुद्धा दिली, इतका तो चक्रावला. म्हणाला, "बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"सेंदऱ्याला एकटा जातो का कोणी?"

"मला कोणी बरोबर घेत नाही, साहेब. मी फार ओरडतो."

वाट काकानेच दाखवली. फटाके लावून आईला मागे रेटलं, पिल्लाला सुई मारली. बाण निघाला तेव्हा पू वाटीभर आला, वासाने एक पहारेकरी ओकला. डॉक्टर हात पुसत म्हणाला, "दोन दिवस आधी आला असतास तर..." पिल्लू उठायच्या आत काकाला जीपमध्ये घातलं, कारण आई फटाक्यांना न जुमानता परत येत होती.

जामीन व्हायला पावसाळा लागला. बाजलने त्यासाठी आपला बैल विकला आणि काकाला घरी आणताना वाटभर शिव्या घातल्या. तोवर कळप डोंगर ओलांडून पुरुलियाकडे निघून गेला होता.

आता खटला चालू आहे. धनुष्य सरकारजमा आहे. काका बाजाराच्या दिवशी पुरुलियाच्या वाटेवर बसतो आणि तिकडून येणाऱ्याला हंडियाचा, तांदळाच्या दारूचा, द्रोण पुढे करून विचारतो, कळप दिसला का. परवा झाडू विकणारी एक म्हातारी थांबली.

"दिसला ना! आमचं सगळं भात तुडवलं मेल्यांनी."

"त्यात लंगडणारं पिल्लू होतं का, मावशी?"

"होतं वाटतं एक."

"कोणता पाय? पुढचा होता का?"

म्हातारीने द्रोण रिकामा करून त्याच्या हातात दिला. "अरे बाबा, मी पळत होते. त्यांचे पाय मोजायला थांबते का कोणी?"