रिव्हेट मारलेला रिपोर्ट

बेळ्ळंदूरहून मशीनं दाखवायला आलेला सेल्समन चहाचा कप हातात धरून बघतच राहिला. त्यानं नमुन्यादाखल स्पायरल लावून दिलेल्या पुस्तिकेचं एक पान चिमट्यात पकडून आमचे गोपालकृष्ण सर त्याला वजनं टांगत होते.

"सर, ते वाचायचं असतं," तो म्हणाला.

"स्वल्प थांबा," सर म्हणाले. "अजून एक किलो."

पान टर्रकन फाटून खाली आलं. सरांनी समाधानानं 'फेल' लिहिलं.

येलहंकाच्या बाजूला आमची सरकारी प्रयोगशाळा. विमानाचे भाग मोडेपर्यंत ताणून बघायचे, हा आमचा धंदा. मी तिथूनच निवृत्त झाले. तर झालं असं, की आमच्या एका रिपोर्टचं सहीचं पान दिल्लीत गळून पडलं आणि डायरेक्टर साहेबांना वरून बोलणी बसली. "पान निघणारच नाही असं बाइंडिंग मशीन आणा," त्यांनी फर्मावलं. लगेच कमिटी. गोपालकृष्ण सर अध्यक्ष, मी सभासद.

माझा जीव शिल्पात अडकला होता. शिल्पा माझ्या प्रोजेक्टवरची कॉन्ट्रॅक्ट इंजिनीअर. कामाला वाघ, आणि घरात तिचाच एकटीचा पगार. आमचा रिपोर्ट सोमवारच्या मीटिंगआधी दिल्लीत पोचला तर प्रोजेक्टला मुदतवाढ. नाही पोचला तर तिला नारळ. आणि मशीन ठरल्याशिवाय रिपोर्ट बांधायचा नाही, असा हुकूम.

"सर, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून बांधून आणते," मी म्हटलं.

"मॅडम, रिपोर्ट कॉन्फिडेन्शियल आहे."

दुसरं मशीन थर्मल. यात पाठीला लावलेला डिंक गरम होऊन पानं चिकटतात. सरांनी तो नमुना टेस्टिंगच्या ओव्हनमध्ये ठेवला. डिंक वितळला, पानं सुटी.

"एवढी गरमी दिल्लीत कुठे असते, सर?" सेल्समन रडकुंडीला आला होता.

"मे महिन्यात. टपालाच्या बंद गाडीत."

मी कपाळावर हात मारला. तिसरं मशीन स्ट्रिप बाइंडिंगचं निघालं. पानांना ओळीनं भोकं पाडायची, एका बाजूनं दातेरी पट्टी घालायची, दुसऱ्या बाजूनं दुसरी. मशीन दातांची टोकं वितळवून दाबतं.

"म्हणजे रिव्हेट!" सर खुर्चीतून उठलेच. विमानाचा पत्रा असाच जोडतात. त्यांनी वजनं टांगली, ओव्हनमध्ये घातलं, थरथरणाऱ्या टेबलावर रात्रभर ठेवलं. पान हललं नाही. साहेबांनी स्वतः ओढून पाहिलं आणि खरेदी मंजूर केली.

शुक्रवारी सकाळी आमचा रिपोर्ट बांधून झाला. शिल्पाला हायसं वाटलं, मलाही. मी दिल्लीला कळवायला फोन केला.

"बाउंड?" तिकडचे अधिकारी दचकले. "नको मॅडम, लूज पाठवा. आमचा स्कॅनर एकेक पान ओढून घेतो."

"मीच स्कॅन करून मेल करू?"

"तुमचं स्कॅन आमच्याकडे चालत नाही."

दुसरी प्रत काढावी, तर प्रत्येक पानावर इन्स्पेक्टरची शाईतली सही हवी, आणि ते सुट्टीवर केरळला गेलेले. शिल्पाचा चेहरा उतरला. मला रडू आलं, खरंच सांगते. तसाच रिपोर्ट उचलला आणि मी, शिल्पा आणि सर असे तिघं वर्कशॉपमध्ये गेलो.

"ड्रॉइंग कुठे आहे?" फोरमन नागराजनी विचारलं.

"अहो, कागद कापायचाय."

"कागद असो की टायटॅनियम. ड्रॉइंगशिवाय आमचं ब्लेड फिरत नाही."

शिल्पानं एक चौकोन काढला, कापायची रेघ काढली, मापं टाकली. गोपालकृष्ण सरांनी 'अप्रूव्ह्ड' म्हणून सही केली. त्या वेळचा त्यांचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा होता.

करवतीचं मशीन सुरू झालं. ब्लेड जरा सरकलं, पट्टीत घुसलं आणि तिथेच अडकून बसलं.

"पाहिलंत मॅडम?" सर हळूच म्हणाले. "बाइंडिंग असं पाहिजे!"

त्यांनाच चिमट्यात धरून टांगावं असं मला वाटलं.

नागराजनी ब्लेड सोडवलं आणि पट्टीच्या अलीकडून कागद कापला. डावा समास पार गेला. मजकूर मात्र वाचला, सह्याही वाचल्या. ती सुटी पानं पिशवीत घालून, मांडीवर घेऊन मी शनिवारच्या विमानानं दिल्लीला गेले. हवाईसुंदरीनं पिशवी वर ठेवायला मागितली, मी दिली नाही.

मुदतवाढ मिळाली. मी शिल्पाला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "थँक्स, अक्का." तोवर मी तिची कायम मॅडमच होते.

मशीन घ्यायचं असेल तर स्पायरल, थर्मल, स्ट्रिप, काय हवं ते घ्या. फक्त त्याआधी पलीकडे पाकीट उघडणाऱ्या माणसाला एक फोन करा. फोनला कमिटी लागत नाही.