सरूची झील

बिरूला मी बहिरा म्हणते ते तोंडावर, चोरून न्हाई. जन्म गेला त्याचा चाकणच्या प्रेसशॉपात पत्रा कापण्यात, त्यात कान गेले. जाडाभरडा आवाज येतो, बारीक येत न्हाई. आन् त्या मशीनवाल्यांची एक खोड हाय. समोरचा काय बोलला ते कळो न कळो, मान हलवायची, अंगठा दाखवायचा. घरीबी तेच. "पोट भरलं का?" मान. "मग अजून वाढू का?" तरी मान!

माणदेशातनं आला तवापास्नं माझ्याच चाळीत ऱ्हातोय. कंपनी सुटली की तुणतुणं घेऊन बसायचा. गाणी सगळी रडकी, गाव सुटल्याची, मेंढरं विकल्याची. "आरं, कधी हसऱ्या तोंडानं गा की," म्हणून मी वरडायची. पण त्याची बायको सरूबाई मागनं झील धरायची, म्हंजे त्यानं सोडलेली ओळ बारीक आवाजात वर उचलायची. तवा माझी भाकर तव्यावर करपायची. बिरूला ती झील तिच्या ओठांवरनंच कळायची.

गेल्या साली सरू काविळीनं गेली. तिचा आवाज ऱ्हायला एकाच जागी, दिघीच्या जागरणात मोबाइलवर घेतलेल्या दोन गाण्यांत. लेक तनुजा बाळंत झाली आन् बिरूनं खूळ घेतलं, नातवाला आजी ऐकवायची, चांगला अल्बम करून. रहाटणीच्या एका स्टुडिओत नुसत्या तुणतुण्यावर तीन नवी गाणी गायला, आन् जागरणातली दोन त्यांच्यात घालायला दिली. एकटाच गेला, शहाणा!

अल्बम मोबाइलवर आला. जागा पुरंना म्हणून त्यानं जुनी गाणी पुसून टाकली. "आता चांगली आल्यात की, गिरजाबाई."

मी जागरणातली दोन ऐकली. बिरू स्वच्छ, तुणतुणं स्वच्छ. सरू न्हाई. ओळ सुटते आन् पुढं नुसती तार वाजते. स्टुडिओतल्या दिग्विजयला फोन लावला.

"मावशी, मागं लांबून एका बाईचा आवाज येत होता. काढू का म्हणून काकांना विचारलं. त्यांनी मान हलवली, अंगठा दाखवला."

"आन् जुनं?"

"ते नाही ठेवलं हो."

"मेल्या," मी म्हणाले, आन् फोन ठेवला. शिव्या तरी कुणाला घालू? कितीतरी वेळ तशीच रडत बसले.

तनुजा बाळाला घेऊन आली. बिरूनं मोबाइल बाळाच्या उशाशी ठेवला. "ऐक रं, तुजी आजी! कशी उचलती बघ!" आन् जिथं जिथं सरू झील धरायची, तिथं तिथं बरोबर त्याचं बोट वर जायचं. चेहरा नुसता फुललेला.

तनुजानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच दटावलं, गप ऱ्हा.

"आली का गं ऐकू आई?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. मग तो माझ्याकडं वळला. मीबी हलवली.